परळचे रुग्णालय आणि सर्पगंधेची मुळी



औषधी मुळी केव्हा खणावी, हा प्रश्न दिसायला साधा आहे. पण मुळीत गुण किती उतरतो आणि ती वनस्पती पुढच्या वर्षी रानात दिसते की नाही, हे दोन्ही त्याच्या उत्तरावर ठरते. सर्पगंधेचा इतिहास पाहिला की हे नीट पटते. त्या इतिहासातला एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत, परळला घडला.

आधी जुने शास्त्र पाहू. वनस्पतीचा कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यावा, हे चरकसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे. फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात घ्यावीत. मुळे मात्र ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने जून होऊन गळल्यावर. यामागचे कारण आपल्याला शेतात दिसतेच. पावसाळ्यात झाडाचा सगळा जोर पाने, फुले आणि फळे यांवर असतो. वरची वाढ थांबली की साठा खाली मुळात राहतो. शिवाय पावसातली मुळी पाणी धरते. ती वजनाला भरते खरी, पण वाळल्यावर आकसते आणि तिला बुरशीही लवकर लागते.

आता सर्पगंधेकडे येऊ. वैद्य ही मुळी फार पूर्वीपासून वापरत होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व वेड यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतली अल्कलॉइडे वेगळी काढली. पण जगाचे लक्ष वळले ते १९४९ साली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि त्याच्या गोळ्या देशोदेशी जाऊ लागल्या. १९५७ साली डॉ. वकिलांना या कामासाठी अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रुग्णांचे भले झाले, पण रानाचे काय झाले? पान तोडले तर झाड पुन्हा फुटते. मुळी काढली की बहुधा झाडच जाते. मागणी वाढली आणि पैसे वजनावर मिळू लागले, की दिसेल ते रोप, दिसेल त्या महिन्यात खणले जाते. फळ पिकायच्या आधी खणलेले रोप बीही मागे ठेवत नाही. आपल्या देशातली सर्पगंधा अशी विरळ होत गेली. औषध कारखाने आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीच्या मुळ्यांकडेही वळले. अखेर १९९० साली सर्पगंधेचा समावेश वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या यादीत झाला.

मग आपण काय करावे?

१. रानातल्या सर्पगंधेला वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये. शेतात, थोड्या सावलीच्या जागी लागवड करणे उत्तम.

२. लागवडीची मुळी साधारण दीड ते तीन वर्षांची झाल्यावर, पाने गळतात तेव्हा, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास काढावी. त्याआधी पिकलेली काळी-जांभळी फळे गोळा करून बी पेरणीसाठी ठेवावे.

३. खणण्याआधी जमीन कोरडी ठाक असेल तर हलके पाणी द्यावे. मुळी खोल जाते. ओढली तर तुटते. अल्कलॉइडांचा बहुतेक भाग सालीत असतो, म्हणून धुताना साल खरवडू नये. मुळ्या चांगल्या खडखडीत वाळवून मगच पोत्यात भराव्यात.

४. शतावरी आणि सफेद मुसळी यांनाही हाच नियम धरावा. मुसळीची पाने वाळून गेली की जागा सापडत नाही, म्हणून पुष्कळजण ती पावसातच उपटतात. तसे करू नका. पाने हिरवी असताना शेजारी काठी रोवून ठेवा आणि कंदाची साल गडद झाल्यावर, थंडीत खणा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. सर्पगंधा जालीम आहे. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, मन खिन्न होऊ शकते. घरी मुळी उगाळून कुणाला देऊ नये. रक्तदाबाच्या माणसाला डॉक्टरांकडेच न्यावे.

रोपे आणि बी यांविषयी आपल्या भागातल्या कृषी कार्यालयात किंवा कृषी विद्यापीठात चौकशी करा. यंदा चार वाफे लावलेत, तर त्यांची मुळी काढायला दीड-दोन वर्षे थांबावे लागेल. तेवढे थांबायची तयारी असेल तरच या पिकाला हात घाला.