पाण्याची रेघ आणि गुरांचे रोग

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे जलाशय भरला, गावे उठली, गुरांची चराई हलली. म्हणून इथल्या जनावरांच्या रोगांचा नकाशा नुसत्या गावांच्या नावांवर आखून भागत नाही. पाण्याची बदलती रेघ त्यात हवीच. यकृतकृमीला साचलेल्या पाण्यातली गोगलगाय लागते, फऱ्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात, घटसर्प पावसाळ्यात उसळतो. रोग तर बाजारातून येतो, असे कोणी म्हणेल. बुळकांडीबाबत ते खरेच होते: ती जनावरातून जनावरात पसरली, लसीकरणाने हटली आणि २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. पण गोगलगाईला लस टोचता येत नाही. तिथे काठ कुठवर चढतो, कधी ओसरतो, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर गुरे केव्हा उतरतात, याची तारीखवार नोंद पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदवहीशेजारी ठेवावी लागेल.