आखाती रुपया आणि घरचा खर्च

परदेशी नोकरी करणाऱ्याने घरी पैसे पाठवणे ही आज आपल्याला निव्वळ बँकेची बाब वाटते. दर किती आणि शुल्क किती, एवढेच त्यात पाहायचे. पण आखाताच्या किनाऱ्यावर कामासाठी गेलेल्या भारतीयांचा, त्यात कोकणातल्या माणसांचाही, विचार केला तर या व्यवहारामागे चलनाचा आणि कायद्याचा मोठा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या आरंभी तर पैसा बदलून घेण्याचा प्रश्नच नव्हता.

१९५० च्या दशकात कुवेत, बहरीन, कतार, दुबई या ठिकाणी भारतीय रुपयाच चालत असे. ब्रिटिश वर्चस्वाचा हा वारसा १९४७ नंतरही टिकून होता. त्याचा लाभ सोन्याच्या तस्करांनी घेतला. रुपये तिकडे न्यायचे, त्यांचे सोने घ्यायचे आणि ते चोरून मुंबईला आणायचे. तिकडे साठलेले रुपये बँकांमार्फत परतले की त्यांच्या बदल्यात भारताला पौंड मोजावे लागत. परकीय चलनाची गंगाजळी आधीच आटत होती. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा काढल्या. भारतात त्या चालत नसत. रुपयाचे घर आणि परदेश तेव्हाच वेगळे झाले.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. त्याच वर्षी कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत रेंगाळला.

गंमत अशी की, रुपया तिथून निघाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत माणसे मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागली. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखातात बांधकामाची लाट आली. भारतात त्याच वर्षी परकीय चलन नियमनाचा कडक कायदा, ‘फेरा’, संमत झाला. कमाई वाढली आणि तिची वाट अरुंद झाली. हवाला फोफावला तो याच फटीत. कामगाराने दुबईतल्या दुकानदाराकडे दिरहम द्यायचे आणि दुकानदाराच्या इकडच्या माणसाने गावी रुपये पोचवायचे. प्रत्यक्ष पैसा सीमा ओलांडतच नसे. हिशेब पुढे सोन्यात किंवा व्यापारातल्या खोट्या बिलांत मिटे.

सरकारी दृष्टीने हा गुन्हा होता आणि त्याने देशाचे नुकसानही होत असे. पण कामगाराने ती वाट का धरली, याचे उत्तर केवळ वरचढ भावात सापडत नाही. घरपट्टी, मुलांची फी, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता यांना मुदत असते. टपालाने आलेला ड्राफ्ट वटायला वेळ लागे. हवाल्याचा माणूस रोकड घेऊन दारात येई.

अधिकृत वाटेची दारेही उघडत होती. १९७० मध्ये अनिवासी भारतीयांसाठी परत नेता येण्याजोगे रुपया खाते, ‘एनआरई’, सुरू झाले. मात्र अशा खात्यातून घरची देणी भागवायची तर इथल्या कुणाला तरी मुखत्यार नेमावे लागे. मुखत्याराला स्थानिक देणी देता येत. खातेदाराच्या वतीने कुणाला भेट म्हणून रक्कम देता येत नसे. १९९२ मध्ये अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली आणि हवाल्याचा एक मोठा आधार खचला. १ जून २००० पासून ‘फेरा’ची जागा ‘फेमा’ने घेतली. परकीय चलनाच्या नियमांचा भंग हा आता प्रामुख्याने दंडाचा, दिवाणी स्वरूपाचा विषय झाला.

२०२३ पासून आखातासह दहा देशांतल्या फोन क्रमांकांवर ‘यूपीआय’ची मुभा मिळू लागली. गावच्या घराचे वीजबिल आता मस्कतहून क्षणात भरता येते. ही सोय निःसंशय मोठी आहे. पण पूर्वी घरी आलेल्या रकमेतून आधी काय भागवायचे आणि वाण्याला किती दिवस थांबवायचे, हे घरात राहिलेली स्त्री ठरवत असे. पैशाबरोबर तो निर्णयही तिच्या हाती येई. बिल परदेशातूनच परस्पर भरले गेले, तर हा अधिकार कुणाकडे जातो? गंगाजळीच्या इतिहासात या प्रश्नाची नोंद होत नाही. घराच्या इतिहासात ती करावी लागेल.