म्हैसूरच्या जन्मनोंदी आणि गर्भावस्थेतील ताण

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ स्मृती रुग्णालयात १९३४ पासून नवजात बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर काटेकोरपणे नोंदवला जात असे. सहा दशकांनंतर याच नोंदींनी भारतातील हृदयरोगाच्या विचाराला वेगळी दिशा दिली.

हृदयविकाराची मुळे गर्भावस्थेत असू शकतात, असे ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांचे प्रतिपादन होते. ते पडताळण्यासाठी बार्कर, कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांचा अभ्यास केला. निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतः अडीच किलो वा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयरोगाचे प्रमाण ११ टक्के होते; ३.१ किलो वा अधिक वजन असलेल्यांत ते ३ टक्के होते.

असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकापर्यंत पोहोचतो. आईच्या रक्तातील बहुतांश कॉर्टिसॉल वारेतील एक विकर निष्प्रभ करते. हा पहारा सैल पडला, तर गर्भाची वाढ मंदावते आणि पुढे रक्तदाब वाढू शकतो, असे गृहीतक १९९३ मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी मांडले. मातेच्या आहारातील प्रथिने घटली की हे विकरही घटते, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. म्हणजे ताण केवळ मनाचा नसतो. उपासमार आणि आजार हेही शरीरावरील ताणच होत.

१९९७-९८ मध्ये त्याच रुग्णालयात गर्भवतींची नोंदणी करून नवा अभ्यास सुरू झाला. त्यांची मुले किशोरवयात आल्यावर त्यांना अनोळखी व्यक्तींसमोर भाषण आणि तोंडी गणिते करण्यास सांगण्यात आले. ज्यांच्या मातांना गरोदरपणी मधुमेह होता, त्यांचा रक्तदाब या परीक्षेत अधिक वाढला. त्याच सुमारास, जानेवारी १९९८ मध्ये, कॅनडातील क्वेबेक प्रांत हिमवादळाने अंधारात बुडाला होता. त्या आपत्तीची अधिक झळ सोसलेल्या गर्भवतींच्या मुलांची बौद्धिक व भाषिक गुणसंख्या दोन वर्षांच्या वयात कमी आढळली.

हे संबंध समूहांचे आहेत; त्यांतून एखाद्या बालकाचे भविष्य ठरत नाही. वादळ, उपासमार आणि आजार आई निवडत नाही. म्हणूनच ‘आनंदी राहा’ हा उपदेश अपुरा ठरतो. पुरेसा आहार, विश्रांती आणि वेळेवर तपासणी यांची जबाबदारी कुटुंबाची, समाजाची आणि शासनाचीही आहे. सव्वीस आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा २०१७ मध्ये कायद्यात आली, पण शेतात व बांधकामावर राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.