स्तनाचा कॅन्सर आणि स्टेम सेल : गाठ विरघळली तरी इलाज का सोडू नये?

पांढुर्णा : पांढुर्णा-सौसर भागातले बरेच कॅन्सर रुग्ण इलाजासाठी नागपूरला जातात. दोन-चार केमो झाल्या, गाठ हाताला लागेनाशी झाली, की घरात सुरू होतं, "आता बरं वाटते, कशाला जायचं?" धोका इथेच आहे. त्याचं एक कारण स्टेम सेल, म्हणजेच मूळपेशी.

मूळपेशी म्हणजे काय?
स्वतःसारखी नवी पेशी आणि वेगवेगळ्या कामांच्या पेशीही तयार करणारी पेशी. रक्त, त्वचा, स्तनातल्या दुधाच्या नळ्या यांची दुरुस्ती याच पेशींमुळे होते.

गाठीत त्या काय करतात?
गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या गाठीतल्या पेशी वेगळ्या करून उंदरांना टोचल्या. विशिष्ट खुणेच्या १०० पेशींतूनही नवी गाठ वाढली, इतर हजारो पेशींतून वाढली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये अशाच पेशी दाखवल्या.

कॅन्सर पसरतो कसा?
गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तातून हाडं, फुप्फुस, यकृत, मेंदूपर्यंत जातात. त्यातली मूळपेशीसारखी पेशी तिथे नवी गाठ उभी करू शकते. केमोचा मारा भराभर वाढणाऱ्या पेशींवर जास्त असतो, या मात्र सावकाश वाढतात म्हणून वाचू शकतात. शेतातल्या हराळीसारखंच, वरून खुरपली तरी मुळी राहिली की पुन्हा फुटते.

निरोगी मूळपेशींचाही यात हात असू शकतो. २००७ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाला उंदरांत दिसलं, की अस्थिमज्जेतल्या मूळपेशी गाठीत मिसळल्या की कॅन्सर फुप्फुसात जास्त पसरतो.

मग करायचं काय?
• फक्त या पेशी मारणारं औषध अजून नेहमीच्या इलाजात नाही. म्हणून ऑपरेशन, केमो, शेक यांपैकी डॉक्टरांनी जे सांगितलं ते पूर्ण करा. हार्मोनच्या गोळ्या साधारण ५ वर्षं किंवा जास्त चालतात, मधेच सोडू नका.
• 'स्टेम सेलने स्तनाचा कॅन्सर बरा' अशा जाहिरातीला भुलून पैसे भरू नका. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.
• गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. टाटा हॉस्पिटलच्या मुंबईतल्या २० वर्षांच्या अभ्यासात, आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केली, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.