निजेला धोंडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

झोपेच्या गोळ्यांनी माणसाला चांगली झोप दिली की नाही यावर वाद घालता येईल. पण औषधांच्या चाचण्यांना आज जी शिस्त आहे, तिच्यामागे एक झोपेची गोळी आहे, यावर वाद नाही. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत ‘कॉन्टरगान’ नावाची गोळी बाजारात आली. तिच्यातलं द्रव्य थॅलिडोमाइड. शांत झोप लागते आणि चुकून जास्त घेतली तरी माणूस दगावत नाही, अशी तिची जाहिरात होती. त्यामुळे तिथे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळे. गरोदर बायकांनीही ती घेतली. कुणी झोपेसाठी, कुणी मळमळ थांबावी म्हणून. नोव्हेंबर १९६१ मध्ये ती तिथल्या बाजारातून काढून घेण्यात आली. पण अनेक देशांत मिळून दहा हजारांच्या वर मुलं या औषधामुळे हातापायांची व्यंगं घेऊन जन्माला आली.

अमेरिकेत ही गोळी विक्रीला आलीच नाही. तिथल्या अन्न व औषध प्रशासनात डॉ. फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई होत्या. परवानगीसाठी आलेल्या कागदपत्रांनी त्यांचं समाधान झालं नाही, आणि कंपनीने कितीही तगादा लावला तरी त्या आणखी पुरावा मागत राहिल्या. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेने औषधांचा कायदा बदलला. तोवर औषध सुरक्षित आहे एवढं दाखवलं की भागत असे. आता ते गुणकारी आहे हेही नीट आखलेल्या चाचण्यांतून सिद्ध करणं कंपन्यांना भाग पडलं.

मी औषधशास्त्र शिकवत असे तेव्हा हा प्रसंग हटकून सांगे आणि मुलांना विचारे, हा धडा झोपेच्याच गोळीने का शिकवला असेल? कर्करोगाचं औषध कुणी गंमत म्हणून घेत नाही. झोपेची गोळी मात्र एरवी धडधाकट असलेला माणूसही घेतो, महिनोन्‌महिने घेतो, आणि शेजाऱ्याला देतोसुद्धा.

अशा ‘सुरक्षित’ गोळीची लोक वाट का पाहत होते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्रायख यांनी क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध म्हणून वापरात आणलं. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी व्हेरोनाल दिलं आणि बार्बिट्युरेट औषधांचं युग सुरू झालं. पुढची पन्नास वर्षं झोप म्हणजे बार्बिट्युरेट. यांची खोट एकच, पण जीवघेणी. झोप आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली ती याच जातीच्या औषधाच्या अतिमात्रेने. नंतर आलेल्या लिब्रियम (१९६०), व्हॅलियम (१९६३) वगैरे बेन्झोडायझेपिन औषधांनी हा धोका पुष्कळ कमी केला. आपल्याकडे व्हॅलियममधलंच द्रव्य ‘काम्पोज’ नावाने घरोघर पोचलं. इतकं, की कुणाची धांदल उडाली तर ‘एक काम्पोज घे’ असं चेष्टेने म्हटलं जाई.

जीव घेत नाही हे ठीक, पण झोप सुधारते का? याचं उत्तर द्यायचं तर आधी झोप मोजता आली पाहिजे. येनाच्या हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केलं, तेव्हा ही सोय झाली. त्या सुमारास शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन हे गृहस्थ झोपेवर प्रयोग करत होते. त्यांनी जून १९३८ मध्ये केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्यासह ३२ दिवस मुक्काम ठोकला. आत उजेड नाही, दिवसरात्र नाही, तापमान कायम बारा अंशांच्या आसपास. उंदीर चढू नयेत म्हणून खाटांचे पाय डब्यांत ठेवलेले. दोघांनी २४ ऐवजी २८ तासांचा ‘दिवस’ पाळायचा, म्हणजे आठवडा सहा दिवसांचा, आणि शरीर काय म्हणतं ते बघायचं. विशीतला रिचर्डसन या वेळापत्रकाला रुळला. त्याच्या अंगाच्या तापमानाचा चढउतारही २८ तासांचा झाला. त्रेचाळिशीच्या क्लाइटमन यांचं शरीर मात्र शिकागोचंच घड्याळ धरून बसलं. नव्या वेळापत्रकाप्रमाणे झोपायची वेळ झाली तरी त्यांना झोप येईना, आणि जुनी वेळ झाली की डोळे मिटायला लागत. दोनच माणसांचा प्रयोग. त्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण झोपेला स्वतःची वेळ असते आणि अंथरुणावर पडणं म्हणजे झोपणं नव्हे, हे त्यात दिसलं होतं. क्लाइटमन पुढे १०४ वर्षं जगले. त्यांच्याच प्रयोगशाळेत युजीन असेरिन्स्की यांनी डोळ्यांची जलद हालचाल होणारी झोप ओळखली आणि ते १९५३ मध्ये जाहीर केलं.

साठ आणि सत्तरच्या दशकांत झोपेच्या प्रयोगशाळा वाढल्या. रुग्णाला तिथे निजवायचं, डोक्याला तारा लावायच्या आणि रात्रभर आलेख काढायचा. यातून दोन अडचणीच्या गोष्टी बाहेर आल्या. पहिली गोळ्यांविषयी. अँथनी केल्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की काही बेन्झोडायझेपिन गोळ्या बंद केल्या की झोप गोळी सुरू करण्याआधी होती त्याहूनही बिघडते. आता रुग्णाचा तर्क पाहा: गोळी सोडली की झोप उडते, म्हणजे गोळीवाचून आपलं चालत नाही! गोळी चालू राहते ती अशी.

दुसरी गोष्ट रुग्णांविषयी. मेरी कार्सकाडन, विल्यम डिमेंट आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये निद्रानाशाच्या १२२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. आपल्याला झोप लागायला किती वेळ लागतो हे बहुतेकांनी आलेखापेक्षा जास्त सांगितलं होतं, आणि झोपलो किती हे कमी. याचा अर्थ ते खोटं बोलत होते असा नाही. जागेपणी मिनिटं लांबतात, हे रात्री दोन वाजता घड्याळाकडे पाहिलेल्या कुणालाही पटेल. पण यातून एक दिसलं: झोपेचे तास वाढवणं आणि झोपेविषयीची धास्ती कमी करणं, ही कामं वेगळी आहेत.

ही धास्ती पकडली ती मानसशास्त्रज्ञांनी. अमेरिकेतल्या रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये एक साधा विचार मांडला. रोज रात्री तासन्‌तास कूस बदलणाऱ्या माणसाच्या मनात गादी आणि जागरण यांची जोडी जमलेली असते. ती मोडायची. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचंच नाही. थोड्या वेळात डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, झोप आली की परत यायचं. सकाळी उठण्याची वेळ ठरलेली. दिवसा झोपायचं नाही.

पुढचं पाऊल न्यू यॉर्कच्या आर्थर स्पीलमन यांचं, आणि ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत धाडसी वाटतं. आपल्याकडची म्हातारी माणसं काय करतात? माझी एक आत्या आठ वाजताच आडवी व्हायची. डोळा नाही लागला तर नाही, निदान पाठ तरी टेकते, असं म्हणायची. स्पीलमन यांचं म्हणणं, हीच मेख आहे. झोप कमी पडते म्हणून माणूस जास्त वेळ लोळतो, आणि तेवढीच झोप जास्त तासांवर पातळ पसरली जाते. १९८७ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ३५ रुग्णांवरच्या उपचाराची हकिगत छापली. सरासरी वय ४६, आणि दुखणं सरासरी पंधरा वर्षांचं. उपचार असा: नोंदवहीप्रमाणे झोप साडेपाच तास होत असेल, तर अंथरुणातही साडेपाच तासच राहायचं. झोप न येणाऱ्यांना झोपायची बंदी! पहिले काही दिवस हाल होत, पण त्यामुळेच झोप साचत जाई. अंथरुणातल्या वेळापैकी नव्वद टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की पंधरा मिनिटं वाढवून मिळत. आठ आठवड्यांनी या माणसांची झोप वाढलेली होती.

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ असं आपले लोक म्हणत आले. स्पीलमन यांनी गादीचा नाद सोडून नीज वाढवली, म्हणजे त्याच म्हणीला हात घातला. मात्र हा प्रयोग घरच्या घरी करू नये. गाडी चालवणाऱ्यांना, फिट्स येणाऱ्यांना, मनाचा तोल जाण्याचा आजार असणाऱ्यांना तो घातक ठरू शकतो. चालू असलेली गोळी एकदम तोडणंही तसंच.

स्पीलमन यांच्या प्रयोगात तुलनेचा गट नव्हता. १९६२ च्या कायद्याची कसोटी गोळ्यांना लावायची तर बिनगोळीच्या उपायांनाही लावायला हवी. ती लावली कॅनडाच्या चार्ल्स मोरिन यांनी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सरासरी ६५ वर्षं वयाचे ७८ जण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले: एकाला गोळी, एकाला बूट्झिन-स्पीलमन पद्धतींचा समावेश असलेला वर्तनोपचार, एकाला दोन्ही, आणि एकाला नुसती खोटी गोळी. उपचार संपले तेव्हा पहिले तिन्ही गट खोट्या गोळीपेक्षा सरस होते. फरक दिसला तो पुढच्या दोन वर्षांत. वर्तनोपचार घेतलेल्यांची सुधारणा टिकली, नुसत्या गोळीवाल्यांची टिकली नाही. अमेरिकेतल्या वैद्यांच्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ मध्ये निद्रानाश मुरलेल्या सर्व प्रौढांना आधी हाच उपचार द्यावा, असं सांगितलं.

जाता जाता, वर्तमानपत्रांत नेहमी येणाऱ्या त्या यादीबद्दल: रात्री चहा नको, खोलीत अंधार ठेवा, मोबाइल दूर ठेवा. सल्ला चुकीचा नाही. पण कित्येक चाचण्यांत ही यादी तुलनेच्या गटाच्या हातात देतात, म्हणजे फारसा उपयोग होणार नाही असं धरूनच! अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने तर २०२१ मध्ये एकट्या यादीवर विसंबू नका असंही सुचवलं.

आता तुम्ही म्हणाल, ही सारी स्वतंत्र खोलीत, मऊ गादीवर निजणाऱ्यांची दुखणी. ज्याला निजायला जागाच नाही त्याचं काय? त्याचा आजार निद्रानाश नसतो, त्याला झोप मिळत नसते. या प्रश्नावर भारतातच एक मोठी चाचणी झाली. चेन्नईत अर्थशास्त्रज्ञांनी अल्प उत्पन्नाच्या ४५२ माणसांच्या मनगटांवर झोप मोजणारं यंत्र बांधलं आणि त्यांना महिनाभर संगणकावर माहिती भरण्याचं काम दिलं. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणात असत आणि झोपत जेमतेम साडेपाच तास. डास, उकाडा, गोंगाट. त्यांतल्या काहींना गाद्या, उशा, पंखे, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे दिले. काहींना जास्त झोपल्याबद्दल पैसेही दिले. रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. पण ती वाढली अंथरुणात जास्त वेळ काढल्यामुळे. झोपेचा कस होता तिथेच राहिला. आणि कामात, बुद्धीत, मनःस्थितीत तज्ज्ञांनी वर्तवलेला फायदा काही दिसला नाही.

फायदा दिसला तो दुपारच्या अर्ध्या तासाच्या डुलकीचा. कामाच्या जागीच काहींना निजायची सोय केली होती. त्यांचं लक्ष वाढलं, मन हलकं झालं, हात नीट चालला. दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांना हे वाचून बरं वाटेल. चेन्नईतल्या लोकांचा हिशेब मात्र निराळा होता. तेवढा वेळ नुसती सुट्टी घेणाऱ्यांपेक्षा डुलकी घेणाऱ्यांची कमाई जास्त भरली. पण जे त्या अर्ध्या तासातही मान खाली घालून काम करत राहिले, त्यांच्यापेक्षा दिवसाअखेर डुलकीवाल्यांच्या हातात पैसे कमी पडले.