तळहातांत डोळे असलेला राक्षस

गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाच्या ‘एल लाबेरिन्तो देल फाउनो’ (२००६) या स्पॅनिश चित्रपटातला नरभक्षक. काळ १९४४ चा, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतला. पक्वान्नांनी भरलेल्या टेबलाच्या टोकाशी तो निश्चल बसलेला असतो. मनाई असूनही चित्रपटाची छोटी नायिका ओफेलिया दोन द्राक्षं खाते आणि तो तळहातांत डोळे बसवून उठतो. परीकथेतली ही जुनी अट इथे विलक्षण झोंबते, कारण बाहेरच्या खऱ्या जगात तिचा सावत्र बाप कॅप्टन विदाल कोठाराला कुलूप लावून गावकऱ्यांना मोजून शिधा देतो आहे. स्वतःच्या मेजवानीत तोही टेबलाच्या टोकाशीच बसतो. दोघांत भयंकर विदालच.

राक्षस आणि शीर्षकातला फाउन (अर्धा माणूस, अर्धा बोकड), दोन्ही भूमिका डग जोन्स या अमेरिकी अभिनेत्याच्या. चित्रपटाला मिळालेल्या तीन ऑस्करांपैकी एक रंगभूषेचं.