काठी खाली ठेवणारी माणसे

आपल्या सोसायटीचं हे रौप्यमहोत्सवी वर्ष. पहिल्या काही वर्षांत इथे आजूबाजूला शेतंच शेतं होती. पावसाळ्यात जिन्याखाली साप निघाला की एकच आरोळी उठायची, "काठी आणा!" धामण होती की नाग, हे मेल्यावर बघायचं. आज आपलीच मुलं म्हणतात, "थांबा, सर्पमित्राला फोन लावा." हा बदल घडवणाऱ्या माणसांची ही थोडक्यात हकिकत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारीला बंदी झाली; पण जखमी, पोरक्या प्राण्यांना सांभाळणारं कुणीतरी हवंच होतं. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे आदिवासी दिसले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगून होतं. डॉक्टरांनी तांदूळ देऊन ते पिल्लू मागून घेतलं, आणि त्यातूनच पुढे प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. इकडे पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. साप उगाच चावत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान झालं.

आपला बीड जिल्हाही मागे राहिला नाही. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दाम्पत्याने 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र उभारलं. नाव सापाचं, पण मोर, हरीण, माकड यांनाही तिथे आसरा मिळतो. भाग आपल्यासारखाच, दुष्काळी. पाण्याच्या शोधात निघालेलं जनावर कठडा नसलेल्या विहिरीत पडतं, नाहीतर रस्त्यावर गाडीखाली येतं.

पुनर्वसन म्हणजे पाळणं नव्हे, हे मात्र आपण नीट समजून घ्यायला हवं. जखम भरली, स्वतःचं स्वतः खाता येऊ लागलं, की रानात सोडायचं. माणसाचा लळा लागला तर सुटका झालेलं जनावरही रानाला मुकतं. ऊसतोडीत रानमांजराची पिल्लं सापडली, तर घरी आणून दूध पाजू नये. वन खात्याला कळवून तिथेच ठेवली, तर बहुतेकदा आई रात्री येऊन घेऊन जाते. जीव लावायचा आणि सोडूनही द्यायचा, हेच या कामातलं अवघड.

आपण घाटनांदूरकरांनी काही केंद्र काढायला नको. साप दिसला तर लांब उभं राहून नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कुणाला चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता सरळ अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय गाठा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे घरं बांधली, तेव्हा ही जागा रिकामी नव्हती. पहिले रहिवासी तेच होते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.